विद्यार्थी संख्या : एक

१ ऑगस्ट २०२५, वाई

आज अमेरिकेतल्या कॉलेजांचा फॉर्म उघडला. कॉमन ॲप म्हणतात त्याला. एकच फॉर्म आणि हजाराहून जास्त कॉलेजं. चिऊने खातं काढलं, शाळेच्या जागी 'होमस्कूल' निवडलं आणि समुपदेशक म्हणून माझा ईमेल टाकला. पाच मिनिटांत मला पत्र आलं की आपण शाळेच्या वतीने माहिती भरावी. शाळा म्हणजे आमच्या मागच्या खोलीतलं टेबल. त्यावर आत्ता चार दिवस न वाळलेले कपडे पडलेत.

वर्गातील विद्यार्थी संख्या : १. वर्गातला क्रमांक विचारला तर काय लिहू, असं मोठ्याने म्हणाले, तर सासूबाई आतून म्हणाल्या, "पहिला लिही. शेवटचाही तिचाच, पण ते कशाला सांगतेस." या विद्यार्थिनीला आपण किती काळ ओळखता? सतरा वर्षं. वरचे नऊ महिने लिहायला जागा नव्हती.

५ ऑगस्ट

शाळेने द्यायचे कागद तीन. चार वर्षांची गुणपत्रिका, शाळेची ओळख सांगणारं एक पान आणि समुपदेशकाचं पत्र. तिन्ही मीच करायचे. शिवाय घरी का शिकवलं, कसं शिकवलं, गुण कसे दिले याचा वेगळा खुलासा. घरी शिकवलं याला तिकडे हरकत नाही, पण शिकवलं म्हणजे नेमकं काय केलं ते सांगा म्हणतात. रास्त आहे. इथे सात वर्षांत एवढं कुणी विचारलं नाही. इथे विचारतात ते एकच, "मग हिचं पुढे कसं व्हायचं?" २०२० ते २०२२ तेवढं कुणी विचारलं नाही. तेव्हा सगळ्यांचीच पोरं घरी होती.

गुणपत्रिकेत विषयापुढे 'क्रेडिट' लिहायचं. ठोकळ हिशेब १२० तासांना एक. हा आकडा कुठून आला म्हणून शोधलं, तर मूळ कार्नेगीच्या संस्थेत निघालं. १९०५ साली अँड्र्यू कार्नेगीने प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर दिले. पेन्शन हवी असेल तर कॉलेजने प्रवेशाचा ठरावीक दर्जा पाळायचा, आणि तो मोजायचा शाळेतल्या तासांत. कुणाच्या तरी म्हातारपणाच्या सोयीसाठी पाडलेलं माप, आणि मी वाईत बसून माझ्या पोरीची भूमिती त्यात ओततेय.

९ ऑगस्ट

तास मोजायचे तर नोंदी हव्यात, आणि माझ्या नोंदी कालनिर्णयवर. चिऊने चौथीनंतर, २०१८ साली शाळा सोडली. तेव्हापासूनची सगळी कालनिर्णयं कपाटावर आहेत, केवळ आळसामुळे. दूध, गॅस, धुणंवालीच्या सुट्ट्या आणि त्याच चौकोनात कोपऱ्याला 'चिऊ – बीजगणित २', 'मेणवली ३'.

दिवसभर बसून २०२२ चा जुलै मोजला. रोज दोन तास गणित, एक दिवस खंड नाही. स्वतःवरच खूश झाले. संध्याकाळी नवरा दुकानातून आला, पान हातात घेऊन म्हणाला, "अगं, हे दूध आहे. त्या महिन्यात आई आजारी होती, दोन लिटर घेत होतो."

जुलै पुन्हा मोजला. गणिताचे एकोणीस तास.

२४ ऑगस्ट

काल पुण्यात सॅट झाली, अमेरिकेतल्या प्रवेशासाठीची परीक्षा. आता ती लॅपटॉपवर असते, दोन तास चौदा मिनिटं. पहाटेची एसटी, परतताना नसरापूरला वडापाव. चिऊ म्हणते गणित सोपं होतं. मी काही बोलले नाही. शिक्षिका होते तेव्हा 'सोपं होतं' म्हणून बाहेर येणारी मुलं पुष्कळ पाहिली आहेत.

२९ ऑगस्ट

गौरी येतील परवा. पाहुणे आत्तापासूनच. दरवर्षीप्रमाणे कुणीतरी ती २०१६ ची बातमी काढली. मुंबईची मुलगी दहावी-बारावी न करता एमआयटीत गेली, आयआयटीने मात्र बारावी नाही म्हणून घेतलं नाही. खरी आहे बातमी. पण तिच्याकडे संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडची तीन पदकं होती, हे शेपूट सांगताना गळतं. चिऊकडे पदक नाही. तिच्याकडे एनआयओएसची दहावी आणि बारावी आहे, म्हणजे मुक्त विद्यालयाची, आणि चतुर या कीटकांच्या वह्या आहेत.

नवऱ्याचं म्हणणं, आयसर या विज्ञान संस्थेची प्रवेश परीक्षा दे, पुणं इथून एसटीने अडीच तास. तीही ती देणार आहे. अमेरिकेचं गणित वेगळं. परदेशी मुलाच्या बापाची ऐपत न पाहता प्रवेश ठरवणारी कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच, हार्वर्ड, येल, ॲमहर्स्ट वगैरे. बाकीच्या ठिकाणी मदत मागितली की अर्जाचं पारडं हलकं होतं. हे पाहुण्यांना सांगत बसले नाही. मोदक वाढले.

१४ सप्टेंबर, रविवार

शिक्षकांची शिफारसपत्रं घरच्या माणसाची चालत नाहीत. म्हणून वनस्पतिशास्त्राच्या सरांकडे गेले. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. चिऊला घाटावर, कासला तेच न्यायचे. त्यांनी पत्र तयार ठेवलं होतं, सहीशिक्क्यानिशी. विद्यार्थिनी आज्ञाधारक, कष्टाळू व सुस्वभावी असून माझ्या माहितीप्रमाणे तिची वर्तणूक चांगली आहे. चार ओळी.

"सर, एवढ्याने भागणार नाही," म्हणताना मलाच लाज वाटली. त्यांच्या पिढीत ही चार ओळींची पत्रं घेऊन माणसं नोकरीला लागली. "मग काय लिहू? चांगली मुलगी आहे."

काकूंनी पोहे आणले. मी म्हटलं, तिच्यावर कधी चिडलात का? सर हसले. "चिडलो नाही, पण एकदा तिने माझी चूक काढली." मेणवलीच्या घाटावर एक कीटक पंख पसरून बसलेला. सरांनी सांगितलं, पंख मिटले तर टाचणी, पसरले तर चतुर, म्हणून हा चतुर. चिऊ गप्प. पुढच्या रविवारी वही घेऊन आली. डोक्याचं मोठं चित्र, फक्त डोक्याचं. "सर, याचे डोळे लांब लांब आहेत." चतुराचे डोळे बहुतेक करून एकमेकांना टेकलेले असतात, टाचणीचे दोन बाजूंना, डंबेलसारखे. टाचण्यांचं एक कुळ पंख अर्धवट उघडे ठेवून बसतं, हे तिने आठवडाभर शोधून काढलं होतं. "पण इतर मुलांसमोर बोलली नाही हो. मला एकट्याला दाखवलं."

म्हटलं, सर, हेच लिहा. "माझी चूक लिहू?" म्हणाले. पोहे संपेपर्यंत विचार केला. मग पेन मागितलं.

२ ऑक्टोबर, दसरा

पाटीवर सरस्वती काढली, शेजारी वह्या, आणि यंदा लॅपटॉपलाही झेंडू. माझं पत्र मात्र अजून 'ती अतिशय' या दोन शब्दांवर अडलंय. अतिशय हुशार, अतिशय जिज्ञासू, जे जे लिहिते ते ते खोडते. आपल्या पोरीची स्तुती आपणच कागदावर करायची हे सासूबाईंना मुळीच पटत नाही. "आधी मीठमोहऱ्या ओवाळ, मग लिही." मला दृष्टीची भीती नाही. मला भीती वाचणाऱ्याची. आईने लिहिलेलं विशेषण कोण खरं मानेल? मी तरी मानलं नसतं.

कपाट आवरताना चिऊचा चौथीचा दाखला सापडला. प्रगती : समाधानकारक. वर्तणूक : चांगली. शाळा सोडण्याचे कारण : पालकांची इच्छा. त्या वर्षी चिऊ वर्गात बोलायचीच बंद झाली होती. बाईंना ते दिसलं नव्हतं की लिहायला रकाना नव्हता, कोण जाणे. पण त्यांच्यापुढे साठ मुलं होती. माझ्यापुढे एक, आणि मलाही अजून एक पान जमलेलं नाही.

५ ऑक्टोबर

जमलं. विशेषणं सोडली, कालनिर्णय घेतलं. ऑगस्ट २०२१ मध्ये एका चौकोनात माझंच अक्षर : 'भूमिती बंद. रडली. मीही.' मग अकरा दिवस नुसतं दूध. बाराव्या दिवशी चिऊच्या अक्षरात : 'वर्तुळ. मी.' त्या अकरा दिवसांत काय झालं, मला आठवेना. तिला विचारलं. म्हणाली, तू चिडून पुस्तक कपाटात टाकलंस ना, तेव्हा मी अंगणात खिळा ठोकला, सुतळी बांधली आणि फिरत बसले. दोन खिळे ठोकले तर लंबवर्तुळ येतं, ते मला पुस्तकाच्या आधी कळलं.

पत्रात हेच लिहिलं. ती सगळ्यात जास्त शिकली त्या दिवसांत मी शिकवत नव्हते, हेही लिहिलं. गुणपत्रिकेत माझे गुण घातले नाहीत. विषय, तास, वापरलेली पुस्तकं, आणि गुणांच्या जागी फक्त एनआयओएसचे. आईने दिलेल्या 'ए'ची किंमत कॉलेजाला कळते, चिऊलाही कळते.

१२ ऑक्टोबर

निबंध ६५० शब्दांचा. त्याला मी हात लावायचा नाही असं तिने जूनमध्येच बजावलं होतं. आज वाचायला दिला. मला वाटलं चतुर असतील. पावसाबरोबर येणारे ते भटके चतुर, जे इथून समुद्र ओलांडून मालदीवमार्गे आफ्रिकेपर्यंत जात असावेत असं चार्ल्स अँडरसनने २००९ मध्ये मांडलं, त्यावर ती तासभर बोलू शकते. परदेशी जाऊ पाहणाऱ्या मुलीला यापेक्षा सोयीचा किडा कोणता?

निबंध बाबाच्या औषधांच्या दुकानातल्या उधारीच्या वहीवर होता. बाराव्या वर्षी तिला बेरजा तपासायला बसवायचो. बेरजा करताना तिच्या लक्षात आलं की पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या असल्या तरी उधारीवर नेणारी माणसं दोनच दिवसांच्या नेतात. मग तिने कुठल्या आठवड्यात कोण किती नेतं याचा तक्ता केला. मजुरी शनिवारी होते, गोळ्या शनिवारी पूर्ण जातात. तोवर औषध अर्धवट. तिने तो बाबाला दाखवला, आणि तेव्हापासून अँटिबायोटिकची पूर्ण पट्टी द्यायची, पैसे शनिवारी, असं दुकानात सुरू झालं.

मला यातलं काही माहीत नव्हतं. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "हो, सांगितलं असेल तिने." मी यादी केली असती तर दुकान गाळलं असतं. पोर गल्ल्यावर बसते, हे तिकडे कशाला सांगा! खरं तर फॉर्ममध्ये घरच्या जबाबदाऱ्यांना स्वतंत्र खाना आहे.

सुचवण्यासारखं काही नव्हतं. एक स्पेलिंग सांगितलं, तेही तिला माहीत होतं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

उपक्रमांच्या दहा ओळी, प्रत्येकीला १५० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. मेणवलीचे चार वर्षांचे रविवार पहिल्या खेपेला २१२ अक्षरांत बसले. मी घातलेला 'आवड' पहिला गेला. मग 'निसर्ग'. शेवटी उरलं ते असं : एकच घाट, दोनशे मीटर, दर रविवार, सकाळी ८, चतुर आणि टाचण्या मोजणे. वाचून मामा म्हणाला, "एवढंच?" चिऊ म्हणाली, "एवढंच करते मी."

३० ऑक्टोबर

पहिल्या फेरीची मुदत परवा. संध्याकाळी सात वाजता वीज गेली, म्हणून नवऱ्याच्या मोबाइलवरून इंटरनेट जोडलं. माझे तीन कागद आधी गेले, मग सरांचं पत्र पोचल्याचं दिसलं, मग चिऊने बटण दाबलं. पडद्यावर कागदाचे रंगीत तुकडे उडाले. सासूबाईंनी विचारलं, लागला का नंबर? म्हटलं, डिसेंबरात कळेल. मग आयसरचा अभ्यास, तो उद्यापासून.

रात्री साताऱ्याहून एकीचा फोन. तिसरीतल्या मुलाला शाळेतून काढायचं म्हणते. पुस्तकं कुठली घेऊ, वेळापत्रक कसं करू, सगळं विचारत होती. म्हटलं, ते तुमचं तुम्हाला सापडेल. फक्त जे कराल त्यावर तारीख घाला, दुधाची नोंद वेगळ्या रंगाने करा, आणि जुनं कालनिर्णय रद्दीत देऊ नका.