वज्रेश्वरी, आजी आणि फुलांचा प्रश्न

शनिवारी सकाळी साडेसहाला कुणी उठवलं तर मी माणसात नसते. आठवडाभर डेडलाइनशी झटापट करणाऱ्या कुणालाही विचारा! पण त्या शनिवारी माझ्या होणाऱ्या नवऱ्याची आजी तांबडं लुगडं नेसून, गाडीत मागच्या सीटवर बसून तयार होती. ‘गुडघे वाट बघत नाय गो, चल.’

प्लॅन सोपा होता. अकलोलीच्या गरम कुंडात आजीचे गुडघे शेकायचे, वज्रेश्वरीचं देऊळ बघायचं, जेवून परत. मुंबईकरांचा हा जुना, स्वस्त आणि मस्त वीकेंड. अहमदाबाद हायवेवर शिरसाड फाट्याला वळलात की गर्दी मागे राहते आणि रस्ता तानसा नदीच्या खोऱ्यात उतरतो. विरारहून साधारण तीस किलोमीटर. ठाण्याकडून येणार असाल तर भिवंडी-अंबाडीमार्गे या. जवळच गणेशपुरी, नित्यानंद स्वामींची समाधी असलेलं गाव.

माझा खरा प्लॅन मात्र वेगळा होता. मला आजीशी भांडायचं होतं. प्रेमाने.

त्याचं असं आहे, की तो वसईचा कॅथलिक आणि मी नगरची प्रोटेस्टंट. (जिल्हा आता अहिल्यानगर झालाय, आमच्या घरात अजून नगरच.) ऑफिसात सगळे म्हणतात, ‘दोघं ख्रिश्चन, मग प्रॉब्लेम काय?’ प्रॉब्लेम आहे फुलांचा. त्यांच्याकडे लग्नाची मिस्सा झाली की नवरा-नवरी मारियेच्या पुतळ्यापुढे जाऊन फुलं ठेवतात. फोटो छान येतात. पण माझी आई म्हणाली, ‘तू मूर्तीपुढे फूल ठेवलंस तर मी चर्चमधून उठून जाईन.’ आणि आई बोलते ते करते. परवानगीचे कागद, फादरांच्या भेटी, मुलांचा बाप्तिस्मा कुठे, हे सगळं आम्ही निभावलं. अडलो फुलांपाशी.

गाडी निघाली तशी आजीची माळ सुरू झाली. रोझरीच्या एका फेरीत मारियेची प्रार्थना त्रेपन्न वेळा येते. तिचा पहिला भाग लूकच्या शुभवर्तमानातला. तो मलाही पाठ आहे, मीही पुटपुटले. दुसऱ्या भागात तिला आमच्यासाठी विनंती करायला सांगतात. तिथे मी गप्प. आजीने आरशातून बरोबर टिपलं.

‘अर्ध्यात का थांबतेस?’

‘आजी, बॉसच्या केबिनचं दार उघडं असताना पीएकडे अर्ज कशाला द्यायचा?’

‘अगो, आजारी पडलीस की आईला सांगतेस ना, माझ्यासाठी प्रार्थना कर म्हणून? मी तेच करते.’

‘माझी आई जिवंत आहे, आजी.’

‘आणि माझी माउली मेलीय असं तुला कोणी सांगितलं?’

झालं! जगभरातले पंडित पाचशे वर्षं जे भांडतायत, ते आम्ही शिरसाड फाट्याच्या आत आटोपलं.

कारण भांडण मरीया मोठी की नाही, याचं नाहीच. इ. स. ४३१ मध्ये इफिससच्या परिषदेने तिला देवमाता म्हटलं. खुद्द मार्टिन ल्यूथरने १५२१ मध्ये तिच्या स्तुतिगीतावर पुस्तक लिहिलं, तेही कौतुकाने. वाद आहे तो तिच्याकडे मागायचं का, याचा. आम्ही म्हणतो देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ एकच, ख्रिस्त. कॅथलिक म्हणतात, हो, एकच. आराधना देवाचीच, मारियेला फक्त मान. पुढे पोपनी दोन गोष्टी अधिकृत सिद्धान्त म्हणून जाहीर केल्या, १८५४ मध्ये तिचा निष्कलंक गर्भसंभव आणि १९५० मध्ये तिचं सदेह स्वर्गारोहण. ‘हे शास्त्रात दाखवा,’ असं आमचे पाळक तेव्हापासून म्हणतायत. गंमत म्हणजे नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॅटिकननेच एक टिपण काढून सांगितलं, की मारियेला ‘सह-तारणकर्ती’ म्हणणं योग्य नाही. मी ती बातमी त्याला लगेच फॉरवर्ड केली होती. त्याने अंगठा दाखवला. वादात अंगठा म्हणजे काय, हे मला आजवर कळलेलं नाही.

अकलोलीला आजी कुंडात पाय सोडून बसली आणि तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. तासाभराने देवळापाशी आलो. पायथ्याला खण, नारळ, झेंडूचे ढीग. ‘फुलं घ्या ताई!’ मी मान हलवली आणि मलाच हसू आलं. इथेही तोच प्रश्न.

आजी खाली चहाच्या टपरीवर थांबली. आम्ही दोघं बावन्न पायऱ्या चढलो. एका पायरीवर सोनेरी कासव आहे, भाविक त्याला हात लावून पुढे जातात. देऊळ बाहेरून किल्ल्यासारखं, दारावर नगारखाना. का, ते कळलं की अंगावर काटा येतो. देवीचं मूळ ठाणं गुंजला होतं, ते पोर्तुगीजांनी मोडलं, असं सांगतात. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला, मे १७३९ मध्ये वसई पडली आणि नवस फेडायला इथे देऊळ उभं राहिलं. म्हणजे ज्या पोर्तुगीजांनी माझ्या सासरच्यांना माउली दिली, त्यांच्यावरच्या विजयाचं हे देऊळ! तो म्हणाला, ‘आमच्याकडेही नवस बोलतात. बांद्र्याच्या मोत माउलीला मेणाचे हात-पाय वाहतात.’

मी पायऱ्यांकडे बघत होते. माझे पणजोबा अस्पृश्य मानलेल्या जातीतले. गावातल्या देवळाची पहिली पायरीसुद्धा त्यांना बंद होती. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला पोचलं; आमचं घर पुढे कधीतरी त्या मंडळीत आलं. पणजोबांना काय पटलं असेल? पुजारी नको, नवस नको, मध्ये कुणीच नको. थेट देवाशी बोल, तो ऐकतो. आमच्या जिल्ह्यात हरेगावला सप्टेंबरमध्ये मतमाउलीची मोठी यात्रा भरते, पण आमच्या घरातलं कुणी कधी गेलं नाही. हा हेकटपणा नाही. ज्याला पिढ्यान् पिढ्या दाराबाहेर उभं केलं, तो मधला माणूस पुन्हा कशाला आणेल? आईचं ‘मी उठून जाईन’ मला त्या पायऱ्यांवर पहिल्यांदा नीट कळलं.

खाली येऊन मी हे सगळं आजीला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘माझा मधला पोर गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. लोक म्हणाले, देवाची इच्छा. मला देवाशी बोलायचंच नव्हतं. कोणाशी बोलू? तिच्यासमोर बसायची. तिचा पण पोर गेलेला. मी काय मागितलं नाय गो, नुसती बसायची. तिनेच मला परत नेलं त्याच्याकडे.’

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. अजूनही नाही. पीएचं उदाहरण मात्र मी कायमचं मागे घेतलं.

‘पण आजी, मी फूल नाही ठेवू शकत. मनापासून येणार नाही ते.’

‘मग नको ठेवू. खोटं फूल तिला कशाला?’

‘तो ठेवेल. मी त्याच्या बाजूला उभी राहीन. गुडघे टेकणार नाही.’

संध्याकाळी परतताना आईला फोन लावला. तिकडे बराच वेळ शांतता. ‘उभी राहा,’ ती शेवटी म्हणाली, ‘पण हात रिकामे ठेव.’ हे तिच्याकडून खूप आहे, हे मला माहीत आहे. जानेवारीत लग्न आहे. ती शेवटपर्यंत बसते की नाही, तेव्हा कळेल.

मी फोन ठेवला. मागच्या सीटवर माळ पुन्हा सुरू झाली होती. मध्येच थांबून आजी म्हणाली, ‘नुसती उभी राहिलीस तरी चालेल गो. क्रुसाखाली ती पण उभीच होती.’