चार पौंडांची नारायणपेठ

"तुम्हाला तर हे फुकटच मिळालंय ना?" हे वाक्य कानावर पडलं नाही असा मंगळवार मला आठवत नाही. लेस्टरमधल्या एका चॅरिटी शॉपच्या गल्ल्यावर मी आठवड्यातून एक दुपार बसते. पगार नाही, चहा आहे. वाक्य तेच, म्हणणारी तोंडं निराळी. कधी जीन्स घेऊन आलेला विद्यार्थी, कधी "मी डक" म्हणत गोड बोलणाऱ्या पेन्शनर बाई, तर कधी बेलग्रेव्ह रोडकडून आलेल्या एखाद्या गुजराती बा. बांच्या मागणीत आपुलकी जास्त. "बेन, थोडुं ओछुं करो ने." माझा चेहरा बघून त्यांनी नातं जोडलेलं असतं, आणि नात्यात कसला आलाय छापील भाव? मी लेबलाकडे बोट दाखवते. मग बा माझ्याकडे अशा बघतात की ही बाई पार इंग्रज झाली याबद्दल त्यांच्या मनात शंका उरत नाही.

पुष्कळदा लोकांचं चुकत नाही, हेही कबूल करायला हवं. हाय स्ट्रीटवर साडेतीन पौंडांना नवा कोरा मिळणारा टी-शर्ट आमच्याकडे धुऊन विटलेला, चार पौंडांना टांगलेला मी स्वतः पाहिलाय. असं का होतं ते मागच्या खोलीत कळतं. तिथे काळ्या पिशव्यांचा डोंगर असतो. एकीकडे वाफेचं यंत्र फुसफुसत असतं, दुसरीकडे लेबल अडकवायची बंदूक टक-टक चाललेली असते. सदरा हातात आला की वास घ्यायचा, काखा बघायच्या, बटणं मोजायची, आणि दहाएक सेकंदांत भाव ठरवायचा. ज्या हाताने कालपर्यंत शाळेत मुलं शिकवली तो हात आज कपड्यांचे भाव ठरवत असतो, चुका होणारच. प्रत्येक लेबलावर आठवड्याचा क्रमांक असतो. दोन-तीन आठवड्यांत माल हलला नाही की तो खाली उतरतो आणि चिंध्यांच्या व्यापाऱ्याकडे किलोवर जातो. विटलेल्या टी-शर्टाची खरी किंमत तो व्यापारी ठरवतो. ती ऐकली तर भाव करणारं गिऱ्हाईकही गप्प होईल.

मला वाटतं, सगळा घोळ 'फुकट' या शब्दात आहे. दुकानाचं भाडं, विजेचं बिल, मॅनेजरचा पगार हे खर्च आहेतच. सरकार मालमत्ता करात ८० टक्के सूट देतं आणि देणगीत आलेल्या वस्तूंच्या विक्रीवर व्हॅट लावत नाही, तरीही रात्री दारात टाकून दिलेल्या, पावसाने भिजलेल्या गाद्या कचऱ्यात घालायला पैसे पडतात. आगीच्या नियमांचं लेबल नसलेला सोफा विकता येत नाही, तपासणी न झालेली विजेची इस्त्री मांडता येत नाही. पण हे हिशेब गिऱ्हाइकाला ऐकवण्यात अर्थ नसतो. मला जास्त गंमत वाटते ती 'गिफ्ट एड' नावाच्या कागदाची. पिशवी देताना तुम्ही तो फॉर्म भरलात आणि तुम्ही इथे आयकर भरत असाल, तर संस्थेला सरकारकडून पौंडामागे आणखी २५ पेन्स मिळतात. मात्र ही सवलत पैशांच्या देणगीवर आहे, वस्तूंच्या नाही. म्हणून कायद्याने अशी वाट काढली आहे की दुकान तुमचा अडत्या होतं. वस्तू विकली जाईपर्यंत तुमचीच राहते. दुकान ती तुमच्या वतीने विकतं, विक्री किती झाली ते पत्राने कळवतं, आणि मग तुम्ही ते पैसे दान करता. म्हणजे ज्या कोटाकडे बोट दाखवून लोक "फुकट मिळालाय" म्हणतात, तो कित्येकदा आम्हाला मिळालेलाच नसतो.

आपल्याकडच्या बोहारणीला हे ऐकवलं असतं तर ती पोट धरून हसली असती. तिचा व्यवहार रोखठोक. चार साड्या, दोन पँटी आणि वर एक शर्ट, तेव्हा कुठे एक स्टीलचं पातेलं. आई उंबऱ्यात बसून तासभर घासाघीस करायची. कपडा घरातून जाताना त्याचा मान पातेल्याच्या आकाराने ठरायचा, आणि पुढे बोहारीण तो कुठे, कितीला विकते याची चौकशी आम्ही कधी केली नाही.

इथे मात्र भाव कुणासाठी हा प्रश्न पहिल्यापासून आहे. ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर १७ नंबरला ऑक्सफॅमचं पहिलं कायमचं दुकान १९४८ मध्ये उघडलं, ते गावातल्या गरिबांना स्वस्त कपडे मिळावेत म्हणून नव्हे. संस्था १९४२ मध्ये निघाली होती ती ग्रीसमधल्या दुष्काळासाठी. ब्रॉड स्ट्रीटवर वस्तू जितकी महाग जाईल तितकं दूरच्या कुणाच्या तरी पानात जास्त पडणार, असा सरळ हिशेब. १९५१ मध्ये याच संस्थेची मदत बिहारच्या दुष्काळात आली. तिथल्या उपाशी माणसाने मोठ्या भावाबद्दल तक्रार केली नसती. म्हणजे दुकानात न दिसणारं एक तिसरं माणूस गल्ल्याशी सतत उभं असतं, आणि त्याच्या बाजूने बोलायचं काम माझ्यासारख्या चहावर राबणाऱ्या बाईकडे येतं. गमतीचा भाग असा की महाग विकलं तर गिऱ्हाईक रागावतं, आणि स्वस्त विकलं तर शेजारचे धंदेवाले. ऑक्सफॅमने पुस्तकांची वेगळी दुकानं काढली तेव्हा जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांनी ओरड केली होती की फुकटच्या मालाशी आम्ही टक्कर कशी द्यायची.

पण हा तिसऱ्या माणसाचा हिशेब मला दर वेळी पुरत नाही. गेल्या नोव्हेंबरात एक आई पाच-सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. निळा पफर कोट, लेबल आठ पौंडांचं. तिने तो त्याला घालून बघितला, चेन गळ्यापर्यंत ओढली, बाही मनगटापर्यंत येते का पाहिलं, मग लेबल पाहिलं. चेन पुन्हा खाली आली. भाव कमी करण्याचा अधिकार मला नाही. मी म्हटलं, "मॅनेजर जेवायला गेलीय, दहा मिनिटांत येईल, मी विचारते." ती हसून "नको" म्हणाली आणि कोट हँगरवर नीट लावून गेली. ती "फुकट मिळालंय ना" म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. तोच कोट शनिवारी गेला, आठ पौंडांनाच, बहुतेक फोनवर वस्तू विकणाऱ्या एखाद्या मुलाकडे. मॅनेजर खुशीत होती. तिचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही, आणि कोट योग्य ठिकाणी गेला असंही मला म्हणवत नाही.

मग या वसंतात माळा आवरताना सासूबाईंची नारायणपेठ सापडली. बारीक चौकडी, डाळिंबी काठ. मला मुलगी नाही, सुनेला साडी नेसता येत नाही. बाकीच्या कपड्यांबरोबर ती मी पिशवीत घातली आणि फॉर्म भरला. आपल्याच वस्तूचा भाव आपण लावायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे, म्हणून पिशवी मागे ठेवून घरी गेले. पुढच्या मंगळवारी पाहते तर ती पॉलिएस्टर जॉर्जेटच्या रांगेत टांगलेली. सगळ्या साड्यांना एकच लेबल, चार पौंड.

मी तडक मागे गेले. "ही रेशमी आहे. हातमागावरची आहे. पंधरा तरी लावा." मॅनेजर बंदूक खाली न ठेवता म्हणाली, "पंधराला इथे कोण घेणार?" सहा वर्षं लोकांना लेबल दाखवणारी मी, लेबलावरून भांडत होते. आणि उलट्या बाजूने.

तीनच्या सुमारास एक बा आल्या. साड्यांची रांग बोटांनी सरकवत नारायणपेठेवर थांबल्या. पोत चोळून बघितला, काठ उलटा करून पाहिला. बाईला कळत होतं. साडी गल्ल्यावर पसरली आणि पदराजवळच्या पिवळट डागावर नख ठेवलं.

"डाग छे."

"हळदीचा आहे. तीस वर्षांत गेला नाही, बा. आता नाही जाणार."

त्यांनी मान वर केली. "तमारी हती?"

"सासूबाईंची."

बांनी साडीची घडी केली, अगदी जुन्या मोडीवर, जशी कपाटात असायची तशी. पर्स उघडली. मग काहीतरी सुचल्यासारखं त्यांचं तोंड फुललं.

"तो तो त्रण करो ने!"