जीपचें ‘खट्’

आमच्या पुतण्याची जुनी जीप गियर टाकतांना खट् वाजे. धूर तेथें अग्नि, हें अनुमान येथें लंगडें. हा हेतु सव्यभिचार! झिजलेला क्रॉस, डिफरन्शियलचे दांते, सैल माउंटिंग, सर्वांचा आवाज तोच. सपाटीवर चाकांस ओंडके लावावे, इंजिन बंद करून गियर काढावा आणि सांध्याच्या दोन्ही बाजू परस्परविरुद्ध पिळाव्या. तेथेंच ढिलेपणा जाणवला, टोपीशीं गंजाची तांबूस भुकटी दिसली, कीं क्रॉस गेला समजावें. तेंच निघालें.

मिस्त्री म्हणाला, “चालेल अजून.” चालेलही! परंतु विलिस धर्तीच्या जीपचा हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागें, त्या दांड्याच्या मुळाशींच असतो. दांडा निखळल्यास घाटांत मागील चाकें तो धरणार कशीं? गाडींत लेंकीसुना बसावयाच्या होत्या. क्रॉस त्याच दिवशीं बदलविला.