बालाघाटचा तांब्या

उकव्याची मँगनीजची खाण पाहिली आणि बालाघाटला वैनगंगेकाठी आलो. आम्हा डिचोलीकरांना खाणींचं काय कौतुक! मला ओढ जुन्या भांड्यांची. एका दुकानात पितळी तांब्या घासाघीस करून घेतला. खानावळीत वरण-भाताची वाट पाहता पाहता तो रुमालाने पुसला, तर गळ्यापाशी कोरलेलं मराठी नाव आणि लग्नाची तारीख, १९५४ ची. तेव्हा बालाघाट आणि नागपूर एकाच राज्यात होते. वाटण्या झाल्या १९५६ला. जेवून परत दुकानात गेलो.

"मोडीत आलाय, भाऊ. वजनावर."

आमच्या आईनेही स्टीलच्या डब्यांपायी आजीच्या नावाची भांडी अशीच मोडीत दिली होती. कोणाच्या घरी असतील? हा तांब्या आता आमच्या देवघरात आहे. चिंचेने घासतो, पण नावावर हात हलकाच फिरतो.