चहाच्या पेटीची किल्ली

अठराव्या शतकातल्या इंग्रज श्रीमंताच्या घरात चहाची एक पेटी असायची. लंडनच्या संग्रहालयांत अशा पेट्या आजही पाहायला मिळतात. महोगनी लाकूड, आत दोन कप्पे, एकात हिरवा चहा, दुसऱ्यात काळा, आणि कधी कधी मधोमध काचेचं भांडं. कारागिरी देखणीच, पण माझी नजर अडकते ती पितळी कुलपावर. दागिन्यांच्या डब्याला शोभावं असं ते कुलूप, आणि त्याची किल्ली घरच्या बाईसाहेबांकडे. नोकरांनी उकळतं पाणी आणून ठेवायचं. पत्ती बाईसाहेब स्वतः मोजून काढणार. चहा पिऊन झाल्यावर उरलेला चोथा स्वयंपाकीण वाळवायची आणि मागच्या दाराने विकायची. तोही कुणीतरी विकत घेऊन पीत होतंच!

या चहाशी मुंबईचं नातं आंदणाचं आहे. १६६२ साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रगांझा दुसऱ्या चार्ल्सची राणी होऊन इंग्लंडला गेली आणि लग्नाच्या तहात मुंबई इंग्रजांकडे आली. इंग्लंडला चहा तिनेच दाखवला असं सांगतात, ते काही खरं नाही. लंडनच्या कॉफीगृहांत तो आधीपासून विकला जात होता. सॅम्युअल पेप्स या सरकारी अधिकाऱ्याने २५ सप्टेंबर १६६० च्या रोजनिशीत आपल्या पहिल्या चहाची नोंदही करून ठेवली आहे. राणीने त्याला दरबारी वजन दिलं, एवढंच. राजाला मात्र रोकडीची निकड होती. १६६८ मध्ये त्याने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाकाठी दहा पौंडांवर देऊन टाकली.

चहा महाग होता, त्यात सरकारचा वाटा मोठा. १७८४ पर्यंत कर ११९ टक्क्यांवर गेला होता, म्हणजे मालापेक्षा कर जड. मग व्हायचं तेच झालं. किनाऱ्यावर रात्री चोरटा माल उतरायचा आणि गावंच्या गावं त्यात सामील असायची. भेसळीची तऱ्हा तर विचारू नका. रिचर्ड ट्वाइनिंग या चहाच्या व्यापाऱ्याने तिची कृतीच छापली आहे: अ‍ॅश झाडाची पानं वाळवायची, भाजायची, पायाखाली तुडवून बारीक करायची, मग हिराकस आणि मेंढ्यांच्या लेंड्या घातलेल्या पाण्यात भिजवायची. झाला चहा! १७८४ मध्ये पंतप्रधान विल्यम पिट (धाकटा) याने कर साडेबारा टक्क्यांवर आणला आणि चोरट्यांचा धंदा बसला. कायद्याच्या धाकाने झालं नाही ते स्वस्ताईने केलं.

कुलूप निघालं, चहा मजुराच्या पावासोबत जाऊन बसला. पण कुणाच्या जिवावर? कपातली साखर कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांनी पिकवलेली. १७९१ नंतर हजारो इंग्रज कुटुंबांनी निषेध म्हणून ती सोडली, हे त्यांच्या नावावर जमा करायलाच हवं. चहासाठी मात्र तशी चळवळ झाल्याचं माझ्या वाचनात नाही. चिनी व्यापारी चांदी मागत, इंग्रजांना ती द्यायची नव्हती; मग हिंदुस्थानातली अफू चीनमध्ये विकून चहाचे पैसे उभे राहू लागले. कंपनी कलकत्त्यात अफूचा लिलाव करी आणि पुढचा ‘उद्योग’ खासगी व्यापाऱ्यांवर सोडून हात झटकी. माळव्याची अफू मुंबई बंदरातून जाई. मुंबईचे व्यापारी जमशेटजी जीजीभाई यांच्या संपत्तीत या व्यापाराचा मोठा भाग होता, त्यांच्याच नावाच्या जे. जे. रुग्णालयाच्या पायरीवर हे सहसा कुणाला आठवत नाही. १८३९ मध्ये चीनने अफू जप्त केली आणि ब्रिटनशी युद्ध पेटलं. त्याच वर्षी जानेवारीत लंडनमध्ये आसामच्या चहाचा पहिला लिलाव झाला होता. १८८८ पर्यंत हिंदुस्थानी चहाने ब्रिटनमध्ये चिनी चहाला मागे टाकलं.

किल्ली पुन्हा एकदा फिरली, ती दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, आणि या वेळी सरकारच्या हातात. माणशी आठवड्याला दोन औंस, जेमतेम सत्तावन्न ग्रॅम. युद्ध संपलं तरी हे रेशन १९५२ पर्यंत चाललं. त्या टंचाईतच, १९४६ साली, इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलने उत्तम चहाचे अकरा नियम लिहिले. चहा आधी, दूध मागाहून, आणि साखर अजिबात नाही, असं तो बजावतो. साखरेच्या बाबतीत मी त्याचं ऐकणार नाही.

आता कुलूप नाही, रेशनही नाही. ४ जुलै १९९० रोजी फुटबॉल विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून पेनल्टींवर हरलं. सामना संपताच देशभरातली माणसं टीव्हीसमोरून उठली, कित्येकांनी चहासाठी विजेच्या किटल्या लावल्या आणि विजेची मागणी एकदम २,८०० मेगावॉटने उसळली. अशा क्षणांना पुरं पडण्यासाठी वेल्समध्ये डिनॉर्विगच्या डोंगरात एक जलविद्युत केंद्र सज्ज असतं. वरच्या तळ्याचं पाणी खाली सोडलं की काही सेकंदांत वीज. पण पाणी नेमकं केव्हा सोडायचं? त्यासाठी वीज मंडळाच्या नियंत्रण कक्षातल्या अभियंत्यांना टीव्हीवरच्या मालिका कधी संपतात यावरही डोळा ठेवावा लागे.