रात्रीतून बॅटरी जाते कुठे?

माणूस रात्रभर झोपला की सकाळी ताजातवाना उठतो. निदान तशी अपेक्षा असते. मोटारीचं नेमकं उलट. संध्याकाळी हडपसरहून कोथरूडपर्यंत ठणठणीत धावत आलेली आमची गाडी रात्रभर विश्रांती मिळाली, की सकाळी पार गळून जाई. किल्ली फिरवली की आतून फक्त ‘टक्’ असा आवाज. जिभेवरच्या टाळीएवढा. मग सोसायटीतल्या चार सज्जनांनी धक्का मारायचा आणि चारांनी सल्ला द्यायचा. सल्ला देणाऱ्यांनाच जास्त दम लागतो, असं माझं निरीक्षण आहे.

पूर्वी अँबॅसिडरला हँडल असे. दंडात बळ असलं की गाडी सुरू. पण 1912 साली अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांच्या खटपटीने कॅडिलॅकला सेल्फ लागला, माणसाचे दंड सुटले आणि मानगूट बॅटरीच्या हाती गेली.

आमच्या बॅटरीबद्दल सोसायटीत तीन पंथ पडले. एक म्हणे पाणी घाला. दुसरा म्हणे नवी घ्या. तिसरा पंथ सेक्रेटरींचा. त्यांचं म्हणणं, “बॅटरीबिटरी काही नाही हो. हा वॉचमन रात्री तुमच्या गाडीत दिवा लावून गाणी ऐकत बसतो.”

आता आमच्याकडे गाड्या एकीपुढे एक लागतात, त्यामुळे किल्ल्या वॉचमनच्या केबिनमध्ये असतात हे खरं. पण हा मनुष्य नऊ वर्षं आमच्याकडे आहे. आमच्या मुलीच्या लग्नात वरातीपुढे न नाचलेला तो एकटाच, कारण त्याची ड्यूटी होती. मी म्हटलं, “मला नाही पटत.” सेक्रेटरी म्हणाले, “तुम्हाला काय पटायचंय! रविवारच्या मीटिंगमध्ये विषय घेतलाय. महिनाअखेर नवीन माणूस.”

म्हणजे धक्का फक्त गाडीला बसत नव्हता.

मी किल्ली घरी नेऊन देवघरात ठेवली. आमची ही म्हणाली, “आता उदबत्तीही ओवाळा.” सकाळी पुन्हा ‘टक्’. सेक्रेटरी म्हणाले, “डुप्लिकेट करून घेतली असेल!” संशयाची बॅटरी मात्र कधी उतरत नाही.

शेवटी शनिवारी इलेक्ट्रिशियन मिस्त्रींना बोलावलं. बारीक अंगकाठी, कानावर पेन्सिल, बोलणं मोजकं. त्यांनी बॅटरी चार्ज करून, वायर सोडून, रात्रभर नुसती ठेवली. रविवारी सकाळी मीटर लावला. 12.6 व्होल्ट. “बॅटरी चांगलीये. घरातलंच कुणीतरी खातंय,” ते म्हणाले. सेक्रेटरींनी वॉचमनकडे पाहिलं.

“साहेब, हिशोब करा,” मिस्त्री पेन्सिल काढत म्हणाले. “ही 35 अँपिअर-अवरची बॅटरी. छताचा दिवा 5 वॅटचा, म्हणजे 0.4 अँपिअर. रेडिओचा धरा एक. दहा तास दोन्ही लावून बसला, तरी 14 गेले, 21 उरले. तेवढ्यात गाडी आरामात उठते. इतकी मारायला हेडलाइट जाळायला लागतील. ते तर तुमच्या गॅलरीतून दिसले असते.” सेक्रेटरींच्या गॅलरीतून काय दिसत नाही, हा सोसायटीतला वेगळा विषय आहे.

मग मिस्त्रींनी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून मधे मीटर जोडला, दारं लावली आणि चहा मागवला. आजकालच्या गाडीत इवलाले कॉम्प्युटर असतात, ते झोपायला अर्धा तास घेतात. ते झोपले, की 50 मिलिअँपिअरच्या आत आकडा यायला हवा. अर्धा तास झाला. किल्ली माझ्या खिशात, वॉचमन सगळ्यांच्या डोळ्यांसमोर गेटाशी, आणि मीटर दाखवत होता 2.8 अँपिअर! दहा तासांत 28. उरले सात. आणि सेल्फला एका क्षणाला लागतात शंभराच्या वर.

मिस्त्रींनी एकेक फ्यूज उपटायला सुरुवात केली. ज्याचा फ्यूज काढल्यावर आकडा पडेल, तो चोर. हॉर्न, वायपर, रेडिओ, दिवे, सगळे निर्दोष सुटले. आकडा ढिम्म. मग त्यांनी बॉनेटमध्ये हात घालून अल्टरनेटरच्या अंगावर ठेवला, जसा आई तापल्या पोराच्या कपाळावर ठेवते. “हात लावा,” ते मला म्हणाले. रात्रभर बंद असलेलं इंजिन थंडगार, आणि हे एकटं कोमट! त्याची जाड वायर सोडली. मीटर सरळ 30 मिलिअँपिअरवर आला.

गुन्हेगार होता अल्टरनेटरमधला डायोड. डायोड म्हणजे विजेचा एकेरी रस्ता. वीज अल्टरनेटरकडून बॅटरीकडे जाईल, उलट येणार नाही. पण लक्ष्मी रोडही एकेरीच आहे की! रात्री पोलीस नसला, की उलट यायचा मोह कुणाला होत नाही? दिवसा हा डायोड बिचाऱ्या भावंडांबरोबर बॅटरी भरत होता, आणि रात्री एकटाच तिला रिकामी करत होता. असे कारभारी मी कचेरीतही पाहिलेत.

डायोडची प्लेट बदलली. संध्याकाळी मीटिंग झाली. इतिवृत्तात ‘विषय क्रमांक 4 मागे घेण्यात आला’ एवढंच लिहिलं गेलं. माफी वगैरे कुणी मागितली नाही. तशी तरतूद उपविधीत नसावी.

रात्री वॉचमन माझ्याकडे आला. “साहेब, तो जुना भाग मला द्याल?” मी दिला. आता तो केबिनमध्ये, मारुतीच्या कॅलेंडरशेजारी, किल्ल्यांच्या खिळ्यावर दोऱ्याने टांगलेला असतो. सेक्रेटरी किल्ली मागायला आले, की वॉचमन आधी तो काळजीपूर्वक बाजूला करतो, मग किल्ली काढतो, आणि कडक सलाम ठोकतो.