नववी सीडी

डेबियन या लिनक्स वितरणाची तेरावी आवृत्ती, ट्रिक्सी, 9 ऑगस्ट 2025 ला आली. तिच्यासोबतच्या नोंदी वाचताना मी एका परिच्छेदाशी थांबले. 32 बिटांच्या जुन्या यंत्रांसाठी, म्हणजे आय-386 साठी, तिच्यात कर्नलही नाही आणि इन्स्टॉलरही नाही. अशा यंत्रांवाल्यांनी ट्रिक्सीवर येऊ नये, असं तिथे सरळ लिहिलं आहे. इचलकरंजीतल्या आमच्या सुताच्या दुकानातला संगणक त्याच जातीचा. बाबा गेले, दुकान भावाने आवरलं, पण तो संगणक माडीवर आहे, चालू होतो आणि त्यात बाबांचे हिशेब आहेत.

कारण पटण्यासारखंच आहे. 32 बिटांत मोजलेला काळ 19 जानेवारी 2038 ला संपतो. ट्रिक्सीत बाकीच्या आर्किटेक्चरांवर काळाची मोजणी 64 बिटांची केली. आय-386 फक्त जुने प्रोग्रॅम चालावेत एवढ्यासाठी ठेवलंय, म्हणून तिथे ती बदलता आली नाही. पटलं, तरी चटका बसायचा तो बसलाच.

त्याच आठवड्यात ऑफिसात नव्याने आलेल्या मुलाने विचारलं, "मॅम, डेव्हलपमेंटला डेबियन? त्यात सगळं जुनं असतं ना?"

हा प्रश्न कुणीही विचारला की मला कराडचं वसतिगृह आठवतं. साल 2005. डेबियनची सार्ज ही आवृत्ती नुकतीच आली होती. तिच्या आधीची वुडी जुलै 2002 ची, म्हणजे मधे जवळजवळ तीन वर्षं गेली होती. इंटरनेटवरून एवढं उतरवून घेणं आमच्या आवाक्याबाहेर होतं. पुण्याहून कुणीतरी सीड्यांचा सगळा संच कॉपी करून आणला आणि तो खोल्याखोल्यांतून फिरत राहिला. एका रात्री मी काहीतरी चढवायला घेतलं आणि डेबियनची पॅकेजं हाताळणाऱ्या अ‍ॅप्टने सांगितलं, अमुक लेबलची सीडी ड्राइव्हमध्ये घाला आणि एंटर दाबा. नववी. ती माझ्या रूममेटकडे होती आणि रूममेट सोलापूरला घरी गेली होती. पडदा तसाच थांबून राहिला. लोडशेडिंगमध्ये यंत्र बंद पडलं. वीज आल्यावर तीच आज्ञा पुन्हा दिली, त्याने पुन्हा तीच सीडी मागितली.

त्या मुलाला मी काय सांगितलं ते आधी लिहिते. त्याचा राग पायथनवर होता. ट्रिक्सीच्या आधीच्या बुकवर्मपासून पिप या पायथनच्या साधनाने थेट सिस्टीमच्या पायथनमध्ये काही घालायला गेलं, की डेबियन अडवतं आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करायला सांगतं. त्याला हा आडमुठेपणा वाटला. पण सिस्टीमचं पायथन अ‍ॅप्टचं आहे, त्याच्यावर यंत्रातली बाकीची कामं उभी आहेत. तुझ्या प्रकल्पाला हवं ते तुझ्या फोल्डरात ठेव. कालच आलेली नोड हवी, रस्ट हवी, तर तीही घरच्या डिरेक्टरीत येते, तिला खालच्या जमिनीला हात लावायची गरज नसते. आणि ज्या डॉकर इमेजवर तो दिवसभर काम करतो, ती पायथनची अधिकृत इमेज मुळात डेबियनवरच बांधलेली असते. अगदी नव्या ग्राफिक्स कार्डाशी किंवा कर्नलशी रोजचा संबंध असेल, तर डेबियनची स्टेबल, म्हणजे स्थिर शाखा, पुरणार नाही, हेही त्याला सांगितलं. बाकी आपल्यासारख्यांना ती पुरते.

माझा खरा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. हल्ली कुठलंही साधन घ्यायला जा, पहिली सूचना हीच असते: ही ओळ टर्मिनलमध्ये चिकटवा. ती ओळ नेटवरून स्क्रिप्ट आणते आणि न वाचता बॅशच्या हाती देते, कित्येकदा सुडो लावून. जी माणसं घरी आलेल्या कुरिअरवाल्याला दोनदा नाव विचारतात, ती हे बिनदिक्कत करतात. मला ते बघवत नाही.

ताजा कोड डोळे मिटून घेण्यातला धोका एकदा उघड दिसला. मार्च 2024 मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या डेव्हलपरला दिसलं, की एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय. त्याने माग काढला आणि एक्सझेड या लायब्ररीत मुद्दाम पेरलेली मागची वाट सापडली. तो तपासत होता ते यंत्र डेबियन सिडवर चालत होतं, सिड म्हणजे सगळ्यात ताजी, कायम अस्थिर शाखा. लायब्ररीची ती आवृत्ती स्टेबलपर्यंत पोचलीच नव्हती. जुनं म्हणून जिला नाकं मुरडतात, तिचं जुनेपण त्या दिवशी कामी आलं. पण कुणीतरी ताज्यावर बसलं होतं म्हणूनच ते सापडलं, हेही तितकंच खरं. आणि डेबियनचाही इतिहास धुतल्या तांदळाचा नाही. 2006 मध्ये डेबियनच्याच एका दुरुस्तीने ओपनएसएसएलमधली यादृच्छिकता जवळजवळ संपवली. 2008 च्या मे महिन्यात ते उघड झालं, तोवर बनलेल्या एका प्रकारच्या आणि लांबीच्या किल्ल्या जेमतेम 32 हजारांच्या घरातल्या होत्या. ते त्यांनी स्वतः जाहीर केलं आणि जगभर लोकांना किल्ल्या बदलाव्या लागल्या.

इयन मर्डॉकने 16 ऑगस्ट 1993 ला डेबियनची घोषणा केली, तेव्हा तो पर्ड्यू विद्यापीठात शिकणारा वीस वर्षांचा मुलगा होता. 2015 च्या डिसेंबरात तो गेला; 2017 ची स्ट्रेच आवृत्ती त्याला अर्पण केलेली आहे. स्लॅकवेअर हे दुसरं लिनक्स वितरण डेबियनहून महिनाभर थोरलं आणि अजून चालू आहे, पण त्याचा भार मुख्यतः पॅट्रिक व्होल्कर्डिंग या एका माणसावर. डेबियनला 1997 पासून लिखित सामाजिक करार आहे, नंतर घटना आली, प्रमुख दरवर्षी मतदानाने निवडला जातो. संस्थापक नसतानाही काम चालावं, अशी ती रचना.

त्या नवव्या सीडीचं मला अप्रूप आहे ते एवढ्यासाठी, की आपल्याकडे नेमकं काय नाही आणि ते कुठे आहे, हे अ‍ॅप्टला ठाऊक होतं. अर्धवट काही लावून मोकळं व्हायचं नाही. रविवारी रात्रीच्या एसटीने रूममेट आली, शेंगाचटणीच्या डब्याशेजारून तिने सीडी काढली, आणि काम पुढे सरकलं.

2009 च्या फेब्रुवारीत डेबियनची लेनी ही आवृत्ती आली. तिचा इन्स्टॉलर 63 भाषांत होता आणि नव्याने आलेल्या पाच भाषांत मराठी होती. दुकानात ती चढवताना बाबा शेजारी स्टुलावर बसले होते. भाषांच्या यादीत त्यांना आपली भाषा दिसली. "थांब, हे मी दाबतो," म्हणाले. मी माऊस त्यांच्या हाती दिला. मग पडद्यावरचे प्रश्न त्यांनी मोठ्याने वाचले आणि उत्तरं सांगितली. चाळीसचं सूत, साठचं सूत, उधारी, व्याज, या सगळ्यासाठी मी पर्लमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम पुढच्या प्रत्येक आवृत्तीवर चालत राहिला. त्यांची अट एकच होती: काल जिथे होतं तिथे आज सापडलं पाहिजे.

ते मराठी प्रश्न कुणी लिहिले? पगाराची अपेक्षा न ठेवणाऱ्या माणसांनी, इचलकरंजीतल्या एका सूतवाल्याला कधी न भेटता. डेबियन आजच्या डेव्हलपरला चालतं का, तर चालतं. ते कोण चालवतं, याची काळजी मला जास्त आहे. तुम्ही ते वापरत असाल, तर 'हाऊ-कॅन-आय-हेल्प' नावाचं पॅकेज चढवा. अ‍ॅप्ट वापरल्यावर ते दाखवतं, की तुमच्याच यंत्रावरच्या कोणत्या पॅकेजांना आता वाली उरलेला नाही. त्यातलं एक निवडा आणि सांभाळायला घ्या.